बिब्ब्याचे भाऊबंद

शिंदखेड्याच्या पेठेत सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की चौकटीला लोंबणारा दोरा दिसतो. हिरव्या मिरच्या, एक लिंबू आणि एक काळंभोर, चकचकीत फळ. शेजारच्या रिक्षाला, ट्रॅक्टरला, नव्या मोटरसायकललाही तसाच दोरा. ते काळं फळ म्हणजे बिब्बा. दृष्ट लागू नये म्हणून तो बांधायचा, एवढंच आपण जाणतो आणि पुढे जातो. पण या फळातल्या चिकाच्या एका जवळच्या भाऊबंदाने जपानमध्ये हजारो वर्षं भांडी, देवळं, चिलखतं आणि हरणाचं कातडं सजवलं आहे. हे समजल्यापासून मला बिब्ब्याकडे पूर्वीच्या नजरेने बघता येत नाही.

बिब्ब्याची ओळख खान्देशात कुणाला करून द्यायला नको. सातपुड्याच्या जंगलात त्याची झाडं आहेत. फळाला तापलेली सुई टोचली की दाट, काळपट चीक बाहेर येतो. धोबी याच चिकाने कपड्यांवर खुणा करायचे. कपडा विरला तरी खूण जात नसे. आतली गोडंबी मात्र निरुपद्रवी आणि चविष्ट, हिवाळ्यात डिंकाच्या लाडवात पडणारी. आणि चीक अंगाला लागला तर तो उततो. कातडी लाल होते, आग होते, खाज सुटते, फोड येतात. एखाद्याने कामात मोडता घातला तर आपण ‘बिब्बा घातला’ म्हणतो, ते या चिकाचा प्रसाद घेतलेल्या कुणाला तरीच सुचलं असणार.

आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. कैरीच्या देठाचा चीक ओठाला लागला की फोड येतो, काजूच्या टरफलातल्या तेलाने कोकणातल्या बायकांची बोटं सोलवटतात, त्यामागेही एकाच घराण्यातली रसायनं आहेत. बिब्ब्याच्या चिकातला मुख्य रेणू असा : सहा कार्बन अणूंचं एक कडं, त्यावर शेजारी शेजारी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या दोन जोड्या, आणि मागे पंधरा कार्बनची लांब शेपटी. पिल्ले आणि सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञांनी १९३१ साली या चिकावर आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. त्याच्या काही वर्षं आधी, १९२२ पर्यंत, रिको माजिमा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने जपानमधल्या ‘उरुशी’ नावाच्या झाडाच्या चिकाची रचना उलगडून ठेवली होती. तिथेही तेच कडं, त्याच दोन जोड्या, तीच पंधरा कार्बनची शेपटी. फरक मुख्यतः शेपटीतल्या बंधांचा. उरुशी हे झाडही आंबा-बिब्ब्याच्याच कुळातलं, आणि त्याचा चीकही तसाच अंगावर उततो. उरुशीच्या कामाला नव्याने बसणाऱ्याच्या हातांवर पहिल्यांदा पुरळ उठतं. ते सोसूनच पुढे जायचं असतं.

अंगाला लागू नये म्हणून जग ज्याच्यापासून लांब पळतं, तो चीक मुद्दाम कातड्यावर घालायचा, हे कुणाला आणि का सुचलं असेल?

त्याचं उत्तर बघायला कोफू शहराच्या कारखान्यांत शिरावं लागतं. टोकियोच्या पश्चिमेला यामानाशी प्रांतात, चारी बाजूंनी डोंगर उभे असलेल्या खोलगट मैदानात कोफू वसलं आहे. भाग द्राक्षांचा, भोवतालच्या डोंगरांत हरणं. या मुलखाचं जुनं नाव कोशू, म्हणून इथल्या कलेला ‘कोशू इंदेन’ म्हणतात. हरणाचं मऊ चामडं आणि त्यावर उरुशीची उठावदार नक्षी. त्यातून बटवे, पाकिटं, पिशव्या, सही-शिक्क्याच्या डब्या होतात. इथल्या ‘इंदेन-या’ या घराण्याची सुरुवात १५८२ साली झाल्याचं सांगितलं जातं. पिढी बदलली तरी घराण्याच्या प्रमुखाचं नाव बदलत नाही. प्रत्येक जण ‘उएहारा युशिची’ हेच नाव धारण करतो. नक्षीचं तंत्र बापाकडून वारसाला तोंडी जायचं, बाहेर नाही. तेराव्या उएहारा युशिचीने ते जगासमोर उघड केलं. आता कोफूत या कलेचं एक संग्रहालयही आहे.

आधी कातडं. हरणाचं कातडं पातळ, हलकं आणि तरी चिवट असतं. हाताला माणसाच्या त्वचेसारखं लागतं. घाम शोषतं, ओलसर हवेत ताठत नाही. म्हणून सामुराई योद्ध्यांच्या चिलखतात आणि घोड्याच्या सरंजामात ते वापरलं जाई. आज लागणारं कातडं बहुतांशी चीनमधून येतं, आणि ते असतं ‘क्योन’ नावाच्या छोट्या हरणाचं. हा क्योन आपल्या भेकराच्या नात्यातला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या कातड्याला हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

चामडं रंगवून, कापून तयार झालं की त्यावर कागदाचा साचा ठेवतात. हा कागद तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीचा, एकावर एक थर चिकटवलेला आणि कच्च्या पर्सिमन फळाच्या तुरट रसात मुरवलेला. तुरटपणा म्हणजे टॅनिन, आणि कातडं कमावायला बाभळीच्या सालीतून आपण काढतो तेही टॅनिनच. कागद त्यामुळे पाण्याला आणि घासण्याला दाद देत नाही. त्यात बारीक टोकांनी शेकडो ठिपके, लाटा, पाकळ्या कोरलेल्या असतात. कारागीर साचा चामड्यावर घट्ट बसवतो, लाकडी पात्याने उरुशी एका दाबाने ओढतो आणि साचा अलगद उचलतो. चामड्यावर उठून येते ती नक्षी सपाट नसते. बोट फिरवलं तर एकेक ठिपका जाणवतो. हात जरा जड पडला तर चीक फुगून शेजारच्या ठिपक्यात मिसळतो. हलका पडला तर ठिपका अर्धाच उमटतो. दुरुस्ती नाही, कारण चीक चामड्याच्या तंतूंत गेलेला असतो.

यापुढचा टप्पा मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. ही नक्षी उन्हात वाळवत नाहीत. तिला ओलसर, उबदार, बंद खोलीत ठेवतात. हवेत ओल साधारण सत्तर ते ऐंशी टक्के, तापमान वीस ते तीस अंशांच्या दरम्यान. उरुशी वाळत नाही, ती पिकते असं म्हणायला हवं. चिकात साठ-पासष्ट टक्के उरुशिओल, म्हणजे तोच लांब शेपटीचा रेणू असतो, बाकी बरंचसं पाणी, थोडा डिंक आणि अगदी थोडं एक विकर, म्हणजे एन्झाइम. या विकराच्या रेणूत तांब्याचे अणू असतात. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते उरुशिओलचे रेणू एकमेकांना जोडत जातं आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एकच जाळं होतं. पण विकर काम करतं ते ओल असेपर्यंतच. हवा कोरडी पडली की ते थंडावतं आणि चीक तसाच चिकट राहतो. हिकोरोकुरो योशिदा या जपानी शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये हे विकर दाखवून दिलं. विकरांचं शास्त्र तेव्हा नुकतं रांगत होतं, आणि कारागीर मात्र त्यांच्याकडून शतकानुशतकं काम करवून घेत होते.

पारा ४२-४३ अंशांवर असताना गच्चीवर पापड-कुरडया दोन दिवसांत खडखडीत वाळवणाऱ्या आपल्या खान्देशाला हे पचायला जड जातं. मे महिन्यातल्या शिंदखेड्यात उरुशीची वाटी उन्हात ठेवली तर ती हट्टाने ओलीच राहील. तीच श्रावणातल्या झडीत आत ठेवली तर आपसूक घट्ट होईल. जपानातही जून-जुलैच्या पावसाळी दिवसांत उरुशी उत्तम जमते.

आणि एकदा जमली की मग तिला जवळजवळ काहीच शिवत नाही. पाणी, मीठ, आम्ल, दारू, कशानेही ती विरघळत नाही. शत्रू एकच, कडक ऊन. जपानच्या होक्काइदो बेटावर काकिनोशिमा इथे उरुशी लावलेल्या वस्तू सापडल्या, त्यांचं वय सुमारे नऊ हजार वर्षं. धागा कुजला, लाकूड गेलं, माणसं गेली, चीक राहिला. आणि पूर्ण जमलेली उरुशी अंगावर उतत नाही. जो रेणू कातडी जाळत होता तो जाळ्यात कायमचा बांधला गेलेला असतो. म्हणूनच तिचा बटवा खिशात ठेवता येतो, तिच्या वाडग्यात सूप पिता येतं.

इतका टिकाऊ पदार्थ झाड फार चिकटपणाने देतं. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाला एका हंगामात आडव्या चिरा देत जायचं, थेंब थेंब खरवडून घ्यायचा, आणि अखेरीला हाती येतो साधारण दोनशे ग्रॅम चीक. नंतर झाड तोडतात, मुळांतून नवे धुमारे फुटू देतात. जपानात लागणारी बहुतेक उरुशी त्यामुळे चीनमधून येते. उत्तर जपानमधल्या जोबोजीची देशी उरुशी जुन्या देवळांच्या दुरुस्तीसाठी राखली जाते.

इंदेनमध्ये आणखी दोन तंत्रं आहेत. एक धुराचं. चामडं एका मोठ्या पिंपाच्या अंगावर ताणून बसवतात, खाली भाताचा पेंढा जाळतात आणि पिंप धुरात फिरवत राहतात. चामड्यावर आधी दोरा गुंडाळलेला असेल किंवा खळीने नक्षी झाकलेली असेल, तर तेवढी जागा पांढरी राहते आणि बाकीची पिवळसर तपकिरी होते. रंग म्हणून दुसरं काहीही नाही, फक्त धूर. नारा इथल्या तोदाइजी या बौद्ध मंदिराकडे अशी धुराने नक्षी काढलेलं, द्राक्षवेलीचं एक चामडं आहे, आठव्या शतकातलं. जपानने त्याला राष्ट्रीय ठेवा ठरवलं आहे.

दुसरं तंत्र म्हणजे ‘सारासा’. एकेका रंगाला एकेक साचा वापरून छापायचं. आणि जपानीत सारासा म्हणतात ते मुळात आपल्या छापील सुती कापडाला, गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून जहाजांनी तिकडे गेलेल्या छिटाला. इतकंच नव्हे, खुद्द ‘इंदेन’ या नावात भारत आहे. १६२४ ते १६४४ या कानएई काळात परदेशी व्यापाऱ्यांनी भारतातलं नक्षीदार चामडं शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याला, नजर केलं, आणि त्यावरून अशा चामड्याला भारताचं नाव पडलं, अशी त्याची परंपरागत कथा आहे.

हे वाचून मी नकाशा उघडला. त्या काळात भारताचं दार होतं सुरत, आणि सुरतेहून मोगलांच्या मुलखात शिरणारा एक मोठा रस्ता तापीच्या खोऱ्यातून बुऱ्हाणपूरला जात होता. झां-बाप्तिस्त तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात या रस्त्याने गेला. त्याने दिलेल्या मुक्कामांच्या यादीत नंदुरबारनंतर आणि थाळनेरच्या आधी ‘सेंकेरा’ येतं. अभ्यासक हे गाव म्हणजे आपलं शिंदखेडाच मानतात. ज्या शतकात भारतीय चामडं जपानच्या दरबारात पोचत होतं, त्याच शतकात आपल्या गावाबाहेरून सुरतेकडे कापसाच्या, निळीच्या, छिटांच्या बैलगाड्या जात होत्या. बुऱ्हाणपूरचं कापड तर इराण-तुर्कस्तानापर्यंत जाई. आणि गुजरातचं चामडं त्याच्याही आधीपासून नावाजलेलं. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने गुजरातेत कमावलेल्या कातड्यांनी भरलेली जहाजं अरबस्तानाला जातात, आणि गुजरातेतच लाल-निळ्या चामड्याच्या चटयांवर सोन्या-चांदीच्या तारेने पशुपक्षी भरतात, असं नोंदवलं.

देवाणघेवाण एकतर्फीही नव्हती. सतराव्या शतकातल्या काही ढाली युरोपच्या संग्रहालयांत आहेत, त्यांचं कातडं भारतातलं आणि त्यावरचं रोगण जपानी. कातडं इथून जहाजाने पूर्वेला गेलं, तिथे त्यावर उरुशी आणि सोन्याची भुकटी चढली. आपल्याकडेही गेंड्या-म्हशीच्या कातड्याच्या ढालींना रोगण देऊन त्या चकचकीत करण्याची परंपरा होती. मात्र आपली लाख उरुशीहून वेगळी. ती पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्यांपासून मिळते. उष्णतेने वितळते, गार झाली की घट्ट होते, मद्यार्कात विरघळते. म्हणून लाखेची बांगडी वाकवता येते, उरुशीची वाकवता येत नाही.

जपानने इंदेनला १९८७ साली ‘पारंपरिक कला’ म्हणून सरकारी मान्यता दिली. त्यासाठी १९७४ चा कायदा आहे. वस्तू रोजच्या वापराची हवी, मुख्य काम हाताने झालेलं हवं, तंत्र आणि कच्चा माल किमान शंभर वर्षांपासून चालत आलेला हवा. योद्ध्यांचा आवडता चतुर हा किडा आजही इंदेनच्या बटव्यावर दिसतो. तो मागे उडत नाही, पुढेच जातो, म्हणून त्याला विजयाचा किडा मानत. आता तो शाळकरी मुलीच्या पाकिटावरही बसतो, आणि कायद्याला नेमकं हेच अपेक्षित आहे.

पण या सौंदर्यामागची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. जनावराची कातडी सोलणाऱ्या आणि कमावणाऱ्या लोकांना जपानी समाजानेही शतकानुशतकं अस्पृश्य मानलं, वेगळ्या वस्तीत ठेवलं. १८७१ साली शासनाने हुकूम काढून तो भेद कागदावर मिटवला. मनातला पुढेही बराच काळ उरला. कातडं पवित्र देवळात चालायचं, चिलखतात चालायचं, ते कमावणारा माणूस तेवढा चालायचा नाही. हे आपल्याला नवं नाही. वाईट याचं वाटतं की आपण माणसाचा अपमान तर केलाच, शिवाय त्याच्या हातातली विद्या लिहून ठेवायचीही तसदी घेतली नाही.

मोटेचंच घ्या. विजेचे पंप येईपर्यंत खान्देशातली बागायत विहिरीतून पाणी ओढणाऱ्या चामड्याच्या मोटेवर उभी होती. ढोर समाजातले लोक कातडं कमवायचे : चुन्याच्या पाण्यात केस सोडवायचे, बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीच्या आणि हिरड्याच्या काढ्यात दिवसचे दिवस मुरवायचे. सालीतलं टॅनिन कातडीतल्या तंतूंना जखडून टाकतं, आणि सडणारी वस्तू न सडणारी होते. मग चर्मकार त्याची मोट शिवायचा. वर रुंद तोंड, खाली लांब सोंड. तोंडाला नाडा, सोंडेला सोंदूर. बैल धावेवरून उतरायला लागले की दोन्ही दोर एकाच वेळी ओढले जायचे, सोंड वर दुमडलेली राहायची, पाणी सांडायचं नाही, आणि थारोळ्यापाशी येताच सोंड आपोआप पुढे पडून मोट रिकामी व्हायची. झडप नाही, कळ नाही. नुसत्या दोन दोरांच्या लांबीतल्या फरकावर चालणारं हे यंत्र चामड्याचं होतं, आणि रोज पाण्यात बुडूनही ते टिकावं म्हणून त्याला तेल पाजलं जाई. कोफूतल्या कुठल्याही बटव्याइतकंच हे काम कसबी होतं असं माझं ठाम मत आहे.

महाराष्ट्रात अशी कामं डोळ्यांनी बघायची असतील तर अजून जागा आहेत. कोल्हापूरच्या परिसरात कातडं पिशवीसारखं शिवून, त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून, टांगून कमावण्याची रीत आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा या पत्त्यांची पानं रंगवून त्यांवर रोगण चढवणारे कलाकार समोर बसून काम करताना दिसतात. ही कला विझत आली होती, ती शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात पुन्हा उभी केली. एका घराण्याने मनावर घेतलं तर काय होतं, ते तिथे बघायला मिळतं.

मोटेला असा कुणी भेटला नाही. तिचा नमुना कुठल्या संग्रहालयात असेलही, पण ती शिवायची कशी हे लोखंडी हुकाला टांगलेल्या वस्तूवरून कळत नाही. शिंदखेडा, शिरपूर, साक्री, अमळनेर या तालुक्यांत जी मंडळी वडिलांच्या हाताखाली मोटा शिवायला बसली होती, ती आता पार म्हातारी झाली आहेत. तुमच्या गावात असे आजोबा असतील तर त्यांच्याकडे जा. मानाने बसा, त्यांचं नाव विचारून लिहा, त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर बोलणं साठवा. साल कोणत्या झाडाची आणि कोणत्या ऋतूतली, कातडं मुरलं हे कशावरून ओळखायचं, सोंड कुठून कापायची, टाका कोणता, तेल कोणतं. त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा आणि एक त्यांच्या नातवंडांना द्या.